कोरडी नाव उपसणारे आबा

आधी तपकिरीची चिमूट नाकात जायची, मग आबा बोलायचे. "मले काय गॅसना वास येत नई. मंग भ्याव कसानं शे?"

तपकिरीने ते नाक केव्हाच निकामी केलं होतं. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. असे म्हातारे तुम्हीही पाहिले असतील.

शिरपूरच्या खाली तापी अडवली आहे, तिथल्या फुगवट्यात आबा आणि त्यांची बायको अक्का मासे धरत. ठिगळांचं शीड लावलेली लहानशी नाव. स्वयंपाकही तिच्यातच.

मी गॅस सुरक्षेची पत्रकं वाटत काठाने हिंडत होतो. आबांच्या नावेत डोकावलो आणि डोकंच फिरलं. छोटा सिलिंडर तळाच्या फळ्यांखाली, ओल्या गोणपाटात गुंडाळून आडवा निजवलेला!

"हा इथे ठेवायला कोणी सांगितलं?"

"उन्हानी! बाहेर ठेवसू तर फुटी जाई."

आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्याची भीती खोटी नव्हती. पण लक्षात घ्या, हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारातून थोडा तरी बाहेर पडेल. नावेला दार नसतं. पाणी बाहेर ठेवणारा तळच गॅस आत धरून ठेवतो. हे सगळं मी पोटतिडकीने सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकलं, माझ्याच पत्रकात मासे गुंडाळले आणि म्हणाले, "घर लई जाय."

मी दर फेरीला भांडायचो. ते दर फेरीला मासे द्यायचे.

एका सकाळी मी काठावर पोचलो तेव्हा नाव गुडघाभर पाण्यात बांधलेली होती. आबा चहासाठी शेगडीपाशी, हातात काडेपेटी. अक्का नावेला खेटून पाण्यात भांडी विसळत होत्या. एकदम ओरडल्या, "काडी लावू नका! वास येस!"

"मले तर येत नई."

"तुमनं नाक मरेल शे!" अक्कांनी काडेपेटी हिसकावली आणि नदीत भिरकावली.

आबांनी फळी उचलून रेग्युलेटर बंद केला आणि खाली उतरले. तळाशी साचलेला गॅस मात्र तिथेच होता. मी म्हटलं, पाणी उपसता तसाच उपसा. आबा बाहेरून वाकले आणि प्लास्टिकच्या मगाने कोरडी नाव उपसू लागले.

शेजारच्या नावेतून हाक आली, "आबा, पानी कथं शे? भूत उपसी ऱ्हायनात का?"

एरवी आबांनी शिवी हासडली असती. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. अक्का पाण्यात उभ्या राहून नावेच्या काठावरून वास घेत होत्या.

"वास गया का?"

"अजून नई."

पुन्हा तो मग आत, पुन्हा बाहेर उलटा. अक्का "गया" म्हणाल्या तेव्हाच हात थांबला.

सिलिंडर मग मागच्या टोकाला, नावेच्या बाहेर गेला. फटींच्या क्रेटमध्ये उभा बांधलेला, वर शिडाच्या कापडाची सावली. गळलाच तर गॅस नदीवर पडेल. आणि काडी लावण्याआधी आबा अक्कांकडे बघायचे. अक्कांनी मान हलवली तरच शेगडी पेटायची.

लोक अजून म्हणतात, आबांचं नशीब चांगलं. मला संताप येतो. नशीब कसलं? अक्कांचं नाक होतं ते! आणि त्या वयात बायकोच्या नाकावर विसंबायला शिकलेला नवरा होता.

आबा गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. नाव आता काठावर पालथी असते. परवा गेलो तेव्हा अक्कांनी तिच्या तळावर आबांचं धोतर अंथरून ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने धोतराचा एक कोपरा सारखा उडत होता. त्यावर हात ठेवून त्या बसल्या होत्या.