इनायतचं रजिस्टर पाकीट

मच्छिंद्रला मी शहाणपणा शिकवला, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. हसनाबादच्या शाळेत वीस वर्षं मास्तरकी केल्यावर मला वाटायला लागलं होतं की गाव आपल्याच अकलेवर चाललंय.

मच्छिंद्र शेतकऱ्याच्या घरचा, कबड्डीतला पक्का पकडवाला. समोरच्याचा घोटा त्याच्या हातात आला की संपलंच. १९८५ साली पंजाबात भारत-पाकिस्तान मैत्री सामने होते, त्यात त्याची निवड झाली. तिथं पहिल्याच सामन्यात इनायत नावाच्या पाकिस्तानी गड्याला पकडताना मच्छिंद्रचा खांदा निखळला. डॉक्टर येईपर्यंत इनायतनंच त्याला मातीत उताणं केलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढायला लागला. लोकांना वाटलं मारामारी जुंपली. आपले गडी धावून गेले, तसा मच्छिंद्र खालून ओरडला, "हटा रे, हाड बसवून राह्यलाय तो!"

इनायतचा बाप हाडवैद्य होता. खांदा बसला तो कायमचा. पुढचे चार दिवस दोघं एकाच ताटात जेवले. मच्छिंद्रची हिंदी आपली मराठवाड्याची, इनायतची पंजाबी वळणाची, तरी कुणाचं काही अडलं नाही.

मग पत्रं सुरू झाली. इनायत उर्दूत लिहायचा. आमच्या गावात उर्दू वाचणारे एकच, रामराव. निजामाच्या राजवटीत शिकलेले, त्यामुळे कपाळाला गंध लावून उर्दू पत्र खडाखडा वाचायचे. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली, 'कंधा कैसा है?' मच्छिंद्र समोर बसून खरोखर हात फिरवून दाखवायचा आणि म्हणायचा, "लिवा काका, बिलकुल बराबर." उत्तर रामरावच लिहायचे, पाकिटावरचा पत्ताही तेच घालायचे. इनायतचं लग्न, त्याच्या मुली, मोडलेला गुडघा, बापाचं जाणं, सगळं या वाटेनं हसनाबादला कळायचं. वर्षाला दोन-तीन पत्रं, चौदा वर्षं.

१९९९च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. हॉटेलात बसून पेपर वाचणारी माणसं मच्छिंद्र आला की गप्प व्हायची. एक दिवस काकासाहेब सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, तुझ्या पाकिस्तानच्या सोयऱ्याचं काय म्हणणं हाय?" सगळे हसले. मच्छिंद्र चहा अर्धा टाकून उठला.

तो माझ्याकडे आला. त्याची मुलगी द्वितीया तेव्हा लग्नाची झाली होती. उद्या कुणी भलतंसलतं बोललं तर पोरीला स्थळ येईल का, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, "पत्रं जाळून टाक. नवीन आलं तर घेऊ नकोस." इतकं सोपं. द्वारकाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळी पत्रं पाकिटांसकट चुलीत घातली. तो बाहेर ओट्यावर बसून होता.

पंधरा दिवसांनी पोस्टमन कचरू शाळेत आला. बरोबर मच्छिंद्र. इनायतचं पत्र होतं, पण या खेपेला रजिस्टर. जाड पाकीट. चौदा वर्षांत त्यानं कधी रजिस्टर केलं नव्हतं.

"गुरुजी, कायतरी तातडीचं असंल," मच्छिंद्र म्हणाला. "एकदा वाचून घेऊ का?"

"आणि सही केलीस तर पोस्टाच्या दप्तरात तुझं नाव राहील," मी म्हणालो. कायदा मला काय कळत होता? पण बोललो मात्र वकिलासारखा.

कचरू म्हणाला, "घ्यायचं न्हाई तर पाकिटावर तसं इंग्रजीत लिवावं लागंल, मंग ते धाडणाऱ्याकडं माघारी जातं. गुरुजी, तुमीच लिवा." मी लाल पेन काढून इंग्रजीत लिहिलं, घेण्यास नकार. काम पक्कं व्हावं म्हणून खाली मच्छिंद्रलाही सही करायला लावली. इंग्रजी त्याला येत नव्हती. त्यानं पाकीट एकदा हातात तोललं आणि कचरूला परत दिलं.

त्यानंतर एकही पत्र आलं नाही. द्वितीयाचं लग्न झालं, भोकरदनला दिली. आणि २००४ साली आपली क्रिकेट टीम पाकिस्तानात गेली. त्याच हॉटेलात टीव्हीसमोर काकासाहेब टाळ्या वाजवून म्हणत होते, खेळात कसली दुश्मनी? मला त्यांच्या हातातला चहा सांडून द्यावासा वाटला. पण कुठल्या तोंडानं?

मच्छिंद्र म्हणाला, "गुरुजी, आता लिवू या." पण पत्ता? त्याला एवढंच आठवत होतं की गावाचं नाव चक आणि पुढं एक नंबर. मी चौकशी केली, तर तिकडच्या पंजाबात चक आणि नंबर अशी गावंच गावं. राहिले रामराव. ते आता माणसं ओळखत नव्हते. तरी आम्ही त्यांच्या हातात पेन दिलं. मच्छिंद्र कानाशी जाऊन म्हणाला, "काका, इनायतचा पत्ता." रामरावांनी भराभर तीन ओळी उर्दूत लिहिल्या. मच्छिंद्रनं त्यांचे पाय धरले.

भोकरदनला एका घड्याळवाल्याकडून आम्ही ते वाचून घेतलं. रामरावांनी स्वतःचं नाव, इयत्ता आणि आपल्या लहानपणच्या शाळेचं नाव लिहिलं होतं.

परतीच्या एसटीत मच्छिंद्रनं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "गुरुजी, त्या पाकिटावर तुमी काय लिवलं व्हतं?"

मला खरं सांगता आलं नाही. "हा माणूस इथं राहत नाही, असं लिहिलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग बरं केलं. त्याला वाटलं असंल, मच्छिंद्र गाव सोडून गेला. राग तरी न्हाई धरायचा." आणि त्यानं माझं तिकीटही काढलं.

परत गेलेल्या त्या पाकिटावर माझ्या लाल अक्षरांखाली मच्छिंद्रची सही होती. रामरावांनी लिहिलेल्या प्रत्येक पत्राखालीही तो स्वतः मराठीत तीच सही करायचा. इनायतला मराठी येत नव्हती, पण ती सही तो चौदा वर्षं पाहत आला होता.