बुचावरचे आकडे

नळीवर नंबर न टाकता बुचावर टाकलेला दिसला की माझं डोकंच फिरतं. प्रयोगशाळेत पोरांना मी चारचौघांत झापते. "बाईंना आज काय झालं?" म्हणत ती एकमेकांकडे बघतात. बघू देत.

एम.एस्सी.ला असताना चंद्रपूरला आमचं बारा दिवसांचं प्रयोगशाळेचं प्रशिक्षण होतं. माझ्या टेबलावर एटापल्लीकडची एक मुलगी होती. सर सिकलसेलची तपासणी शिकवत होते. इकडे घरोघरी हा आजार, म्हणून रक्त आमचंच, बोटं टोचून काढलेलं. पट्टीवर एक रेघ उमटली तर माणूस निकोप, दोन उमटल्या तर वाहक. आईबाप दोघंही वाहक असले तर लेकरू आजारी निघू शकतं.

तिचं लग्न ठरत होतं. मुलाकडे वाहकाचं पिवळं कार्ड होतं. तिला तो फार आवडायचा, पण तिचा धाकटा भाऊ याच आजारानं गेला होता, अंग दुखून दुखून. "माह्यात निंघालं त मी त्याले नाई म्हणून देईन," ती म्हणाली होती.

नंबर नळीवरच घाला, हे सर पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होते. ओल्या काचेवर पेन उमटेना, म्हणून मी बुचांवर टाकले. आमच्या टेबलाच्या सहा नळ्या यंत्रात फिरवायच्या म्हणून बुचं काढून ताटलीत ओळीनं ठेवली, आणि माझ्याच ओढणीनं ताटली खाली आली. ती तेव्हा पाणी आणायला गेली होती. मी बुचं गोळा केली आणि अंदाजानं लावली. शेजारच्या टेबलावर सर एकाला सोलून काढत होते. भित्री मी, दुसरं काय!

तिच्या नंबरला एकच रेघ आली. ती मला मिठी मारून रडली. "हा सराव आहे, रिपोर्ट नव्हे. दवाखान्यातून करून घे," सर म्हणाले. ती "हो सर" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला.

माझ्या नंबरला दोन रेघा आल्या होत्या. महिन्याभरानं मी गुपचूप दवाखान्यात तपासून घेतलं. मी निकोप निघाले. म्हणजे बुचांची अदलाबदल झाली होती, हे मला कळलंच होतं. पण तोवर तिची पत्रिका घरी आली होती, आणि मी लग्नालाही गेले नाही.

परवा तिचा फोन आला. पोरगं वर्षाचं झालंय, त्याचे हातपाय सुजतात. गडचिरोलीला तपासलं तर सिकलसेल. तिचंही तपासलं, दोन रेघा.

"दवाखान्यातल्यायनं माह्या नळ्या बदलवल्या असन," ती म्हणाली. "तू त सोताच्या हातानं केलं होतं ना बाई. आमचं रक्त आणून देते, तूच पाहून देजो. मले तुह्यावरच भरोसा हाय."

मी सगळं सांगितलं. ताटली, अंदाज, माझा रिपोर्ट, सगळं. तिनं फोन ठेवला नाही. पलीकडे पोरगं कण्हत होतं आणि ती त्याला थोपटत होती.

"सहाच नळ्या होत्या वं," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा बोट टोचलं असतं ना. तवाच काऊन नाई सांगितलं?"