डेथवाले पोट्टे

आमच्या कारंज्यात 'सीन' म्हणजे भर चौकात दोघं एकमेकांची कॉलर धरतात अन् बाकीचे चहा टाकून पाहायले धावतात, तो. हे मी त्या पुण्याच्या रक्षाताईले पहिलेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तसा नाही हो, भूपेंद्रजी. वर्धा जिल्ह्यातला डेथ मेटल सीन. नव्वदच्या दशकातला. मी त्यावर अभ्यास करते आहे."

मी दुकानात बसलो होतो. दुकान म्हणजे डोमाजी बिछायत केंद्र. लग्नापासून तेरवीपर्यंत लागणारे मंडप, गाद्या, स्वयंपाकाचे गंज, ताटं अन् भोंगे आम्ही भाड्यानं देतो. डोमाजी म्हणजे माह्ये बाबा. दारात एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, गाद्या ट्रॅक्टरवर चढून राह्यल्या होत्या, अन् ही बाई टेप चालू करून मले विचारते का तुमच्या सीनमध्ये बँड किती होते.

"एक," म्हटलं.

"आणि श्रोते?"

आता याचं काय सांगावं! म्हटलं, ताई, बसा. चहा घ्या. लंबं प्रकरण आहे.

शहाण्णवची गोष्ट. माहा दोस्त गोपाल, त्याचा मोठा भाऊ सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीले. तिथं डॉक्टरकी शिकायले देशभरातले पोट्टे येतात. त्यातल्या कोण्या शिलाँगच्या पोट्ट्याजवळून त्यानं या डेथ मेटलची एक कॅसेट भरून आणली. म्हणजे पाहा, ज्या गावानं जगाले अहिंसा शिकवली, त्याच गावाहून आमच्या जिल्ह्यात हा धिंगाणा आला. कॅसेट लावली तं वाटलं टेप फीत खाऊन राह्यला. स्पिरिटनं हेड साफ केलं. तरी तेच. मंग आमचा तिसरा दोस्त धीरज म्हणे, "अबे, हे असंच आहे. गाणाराच गुरगुरते."

गोपालच्या डोळ्यात पाणी आलं. त्याचा आवाज लहानपणापासून फाटका. शाळेत प्रार्थनेच्या टायमाले गुरुजी त्याले सांगत, तू नुसते ओठ हलव. त्या दिवशी त्याले पहिल्यांदा समजलं का जगात आपल्यासाठी बी जागा आहे.

असा बँड झाला. नाव ठेवलं 'मसणवटी'. गोपाल गुरगुरणार, धीरज ड्रम, मी गिटार. ड्रम म्हणजे आमच्याच बिछायतीचे दोन उपडे गंज, एक पिंप अन् झांजेच्या जागी परात. गिटार मी नागपूरहून जुनी आणली अन् घरी सांगितलं का सतार आहे. बाबानं तिले उलटीपालटी करून पाहिलं. "सतारीले वायर काऊन बे?" म्हणे. मी म्हटलं, नवीन मॉडेल आहे.

बाहेरदेशी हे लोक म्हणे दारू पिऊन स्टेजवर चढतात. आमचा जिल्हा दारूबंदीचा. आम्ही तर्री-पोहे खाऊन चढत होतो. पोटात आग तितकीच. गोपालले इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून तो गुरगुरत पाढे म्हणे. एकोणतीसचा पाढा त्याच्या तोंडून ऐकला का भल्याभल्यांच्या अंगावर काटा येई. तसा तो एकोणतीसच्या पाढ्यानं कोणाच्याही अंगावर येतोच म्हणा.

प्रॅक्टिस दुकानामागच्या गोदामात, गाद्यांच्या थप्पीत. आमचं एकच गाणं होतं, पण मोठं. अन् रोज सव्वादोन मिनिटं झाले का दुकानातून बाबाची आरोळी येई, "बंद कर बे!" मिनिटाचा फरक नाई. तीन वर्षं. आम्ही बंद करत होतो अन् उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो.

नव्याण्णवच्या दिवाळीत बाबाचं डोकं सरकलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणे, "भुप्या, एक गाणं. लोकांसमोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लोकं उठून नाई गेले तं म्या जन्मात तुले 'बंद कर' म्हणणार नाई. होळीपर्यंत मुदत. नाई जमलं तं थे सतार इकायची अन् मुकाट्यानं गादीवर येऊन बसायचं."

हसू नका, ताई. माह्यासाठी तो जीवनमरणाचा सवाल होता. तेवीस वर्षांचा होतो मी. मले बिछायतवाला व्हायचं नव्हतं. अन् खरं सांगू? मले बाबाले ते गाणं पूर्ण ऐकवायचं होतं. बस, इतलंच.

पहिला प्रयोग वर्ध्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. पन्नास सेकंदात प्राचार्यांनी मेन स्विच पाडला. त्यांना वाटलं गोपालले फिट आली. दोघांनी त्याले आडवा केला अन् नाकाले कांदा लावला. हा बिचारा "नऊ एके नऊ" म्हणत हातपाय झाडून राह्यला, तं ते अजूनच दाबून धरत.

दुसरा प्रयोग केळझरच्या अलीकडे एका शंकरपटात. पटाच्या आयोजकाले वाटलं बँड आहे, गर्दी जमन. मी पहिलाच सूर छेडला अन् सुटायले उभी असलेली बैलजोडी गर्रकन फिरून उलटी धावली. गर्दी जमली, पण ती आमच्यामागं. आम्ही वाटेतली एसटी पकडून कसंबसं घर गाठलं.

होळी जवळ आली. शेवटचा उपाय म्हणून धीरजनं बसस्टँडच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं: 'मसणवटी. डेथ मेटल बँड. संपर्क, डोमाजी बिछायत केंद्र.'

आता आमच्याकडे, ताई, माणूस मेला असं कोणी म्हणत नाई. शिकला असो का अंगठेबहाद्दर, "त्याच्या घरी डेथ झाली" असंच म्हणतात. तेव्हा चौथ्या दिवशी कवडू नावाचा एक गृहस्थ दुकानात आला अन् बाबाले विचारते, "डेथवाले पोट्टे तुमचेच काय?"

बाबा म्हणे, "माहाच आहे एक. काऊन?"

"आमच्या घरी डेथ झाली. मोठेबाबा गेले. परवा तेरवी आहे. भजनवाले दुसरीकडे गुंतले. गंज-ताटं तं तुमचेच येऊन राह्यले, त्याच्यासंगं पोट्टे बी पाठवून द्या."

बाबानं माह्याकडे पाहिलं. होळीले पाच दिवस होते. मी म्हटलं, "येतो."

गेलेले म्हणजे कवडूचे मोठे काका रूपराव. एसटीत कंडक्टर होते, सारी नोकरी कारंजा-आर्वी-वर्धा गाडीवर. त्यांची बायको मनकर्णाबाई, ऐंशीची, कानानं ठार बहिरी. तेरा दिवसांत डोळ्याले पाण्याचा टिपूस नाई आला, म्हणून घरचे भेले होते. बोलेना, रडेना, भिंतीले टेकून नुसती बसून राहे.

गोपालले टेन्शन आलं. "तेरवीले पाढे बरे दिसत नाई बे," म्हणे. "मी बुढ्याच्या गाडीचे स्टॉप म्हणतो."

दुपारची पंगत बसली तेव्हा आम्ही सुरू केलं. अन् इथं, ताई, माहं नशीब पाहा. भरल्या पंगतीतून मधात कोणी उठत नाई. अन्नाचा अपमान होते. समोर वरण-भात, बुंदी अन् कानात आम्ही. लोकांचे घास हातातच राह्यले, पण बुड कोणाचं हललं नाई.

"काऽऽरंजा!" गोपाल गुरगुरला. "तळेऽऽगाव! आऽऽर्वी! पिंपळखुटा! खरांगणा! आंजी! वऽऽर्धा!"

लहान पोरं भोकाड पसरून आईच्या पदरात शिरले. ताटाजवळचं कुत्रं पळालं. कवडू वायर उपटायले धावला. अन् तेवढ्यात मनकर्णाबाई भिंतीपासून उठली. हळूहळू आली, थरथरत्या भोंग्यावर हात ठेवला अन् खडसावून म्हणते, "हात नको लावू, कवडू. ऐकू येऊन राह्यलं मले. बुढ्याची गाडी आहे थे."

कवडू थांबला. ती तिथंच जमिनीवर बसली, हात भोंग्यावर.

सव्वादोन मिनिटं झाले. सवयीनं माही नजर बाबाकडे गेली. बाबा गंजापाशी हातात वरणाचं वगराळं घेऊन उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मंग काय आठवलं कोणजाणे, मिटून घेतलं. अन् गाणं पुढं गेलं. जिथं ते कधीच गेलं नव्हतं, तिथं गेलं. काय सांगू, ताई, माह्ये पाय जमिनीवर नव्हते.

सात-आठ मिनिटांनी माह्या लक्षात आलं अन् घाम फुटला. या गाण्याले शेवटच नव्हता. आम्ही तो कधी बसवलाच नाई. गरजच पडली नाई ना! रोज बाबा "बंद कर बे" म्हणे, तोच शेवट. धीरज माह्याकडे पाहे, मी गोपालकडे. गोपाल वर्ध्याले पोचलता. आता? त्या गाढवानं काय करावं? गाडी वळवली. "वऽऽर्धा! आंजी! खरांगणा!" कारंज्याले आला, पुन्हा वळवली. वर्ध्याहून पुन्हा परत. आवाज पार बसला, पण सोडेना. माह्या बोटातून रक्त येऊन राह्यलं होतं.

"पिंपळखुटा... आर्वी... तळेगाव... कारंजा..."

मनकर्णाबाईनं हात वर केला.

"बस," म्हणे. "उतरला बुढा."

आम्ही थांबलो. अन् मंग ती रडली. तेरा दिवसांचं एकदम रडली, पोरींच्या गळ्यात पडून. सारी पंगत खाली मान घालून बसली. कोणी उठलं नाई.

संध्याकाळी गंज गाडीत भरतानी बाबा म्हणे, "शेवट मस्त बसवला बे." मी खरं सांगितलं नाई. माह्या बाबानं मले आयुष्यात तेवढंच एकदा 'मस्त' म्हटलं होतं, ते काऊन घालवू?

बाबा शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून त्यांनी कधी "बंद कर" म्हटलं नाई. अन् इथंच आमचा सत्यानाश झाला. गोदामात आम्ही वाजवत बसू. दोन मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा घंटा. थांबवणारं कोणी नाई. तीन वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तोच माणूस आमच्या गाण्याचा चौथा गडी होता, हे आम्हाले तेव्हा समजलं. कोणी अडवत नसलं का बंडाले चव राहत नाई. पोळ्यापर्यंत आम्हालेच कंटाळा आला. धीरज अमरावतीले स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात लागला. गोपाल आता एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारतो, नवीन प्रवासी अजून दचकतात. अन् मी आपल्या पायानं येऊन या गादीवर बसलो. कोणी बसवलं नाई मले.

रक्षाताई म्हणाल्या, "म्हणजे ते तुमचं शेवटचं वादन?"

नाई. अजून एक आहे. दोन वर्षांमागं बाबा गेले. दुसऱ्यांच्या हजार तेरव्या ज्या गंजांवर पार पडल्या, त्याच गंजांत त्यांच्या तेरवीचं वरण शिजलं. गोदामापुढं पंगत बसली अन् मी माळ्यावरून गिटार काढली. मी एकटाच. ड्रम नाई, गोपाल नाई. तेच गाणं.

सव्वादोन मिनिटं झाले अन् माहा हात आपोआप ढिला पडला, कान दुकानाकडे लागले. तिकडून काही आलं नाई. मंग मी वाजवतच राह्यलो. पंगत उठली, दुसरी बसली, ताटं विसळून झाले. लोकं म्हणत, भुप्याच्या डोक्यावर परिणाम झाला. नव्हता झाला, ताई. मले फक्त एकदा "बंद कर बे" ऐकायचं होतं.