रेषेवरची खूण

सॉफ्टवेअरनं काढलेली रेष पडद्यावर जिन्यासारखी उतरत जाते. आमच्या कॅन्सरच्या औषधाच्या अभ्यासात एक माणूस गेला की एक पायरी. जे तपासणीला यायचेच थांबतात, त्यांच्यासाठी फक्त बारीक उभी खूण. गेल्याचं कुणी कळवलेलं नसतं, म्हणून रेष खाली येत नाही.

काल दुपारी ती रेष बघत बसलो होतो, तेव्हा एक बाई दारात आल्या. पिशवीत नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या.

"हे गेले दिवाळीच्या आधी," त्या म्हणाल्या. "गोळ्या चांगल्या आहेत. कुणाला तरी होतील."

अभ्यासातल्या गोळ्या दुसऱ्याला देत नाहीत, नष्ट करतात. ते सांगायचं सोडून मी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांना फोन लावला, कळवायचं राहिलेलं हे मरण आता नोंदवता येईल का विचारलं.

"डेटा बंद केलाय आपण," ते म्हणाले. "आता एकासाठी उघडायचा नाही."

नियम बरोबर आहे. रोजच्या बातमीनं रेष हलत राहिली तर औषधाचं उत्तर कधीच मिळणार नाही. बरोबर आहे म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. आपण मरण मोजतो म्हणतो, पण खरं तर आपल्यापर्यंत पोचलेलं तेवढंच मोजतो.

बाई पडद्याकडे बघत होत्या. "यात आमचे हे कुठं आहेत?"

मी एका खुणेवर बोट ठेवलं. तिथून पुढे रेष बराच वेळ सरळ जात होती.

"म्हणजे गोळ्यांनी बरं वाटत होतं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.