नऊ जणांची गाडी

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मला पाचवा महिना होता, आणि गाडी माझ्यासाठीच घेतली जात आहे असं घरात सगळे म्हणत होते. आमच्या मूल गावाहून चंद्रपूरचा रस्ता जंगलातून जातो. दिवस मावळला की एस.टी. मिळेलच याची खात्री नसे. माझा रक्तदाब वाढू लागला होता. चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी बाळंतपण त्यांच्याच दवाखान्यात करायचं आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांसमोर काही चमकलं तर तासाभरात तिथे पोचायचं, असं बजावलं होतं. त्यामुळे घरची गाडी हवी, यावर दुमत नव्हतं. कोणती घ्यायची, यासाठी समोरच्या खोलीत बैठक बसली.

मी स्वयंपाकघरात होते. सासरच्या घरी मोठ्या दिराला भासरे म्हणतात, आणि धाकट्याच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नसतं. ते बसले असतील त्या खोलीत जायचं नाही, गेलं तर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्या शेजारी बसायचं तर नाहीच. लग्नाआधी मी चंद्रपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. गरज पडली तर कलेक्टरला फोन करून प्रश्न विचारत असे. मूलला आल्यावर भासऱ्यांशी माझं सगळं बोलणं नवऱ्यामार्फत होऊ लागलं. मी नवऱ्याला सांगायचं, त्याने भावाला. पाठवलेली बातमी आणि छापून आलेली बातमी यांत जो फरक पडतो, तो मला या घरात रोज दिसे.

माझी मागणी लहान होती. चार दारांची छोटी गाडी, चढायला फार उंच नको, आणि मागची सीट सलग. डॉक्टरबाईंनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं, तेव्हा आडवं होता यावं एवढंच. दुसरा मुद्दा असा की वर्षाच्या आत निवडणूक होती. निवडणुकीच्या कामासाठी सरकार खासगी गाड्या ताब्यात घेतं. गडचिरोलीच्या आतल्या भागात मतदानाची माणसं न्यायची तर जीपच लागते, छोट्या गाडीला कुणी हात लावत नाही. या मजकुराच्या बातम्या मी दर निवडणुकीला लावल्या होत्या. हे सगळं मी नवऱ्याला सकाळी नीट सांगितलं होतं.

दाराआडून मला त्याचा आवाज ऐकू आला, "तिले वाटते, लहान बी चालन."

"लहान गाडी काऊन घ्यायची?" भासरे म्हणाले. "चार जण बसले का झाली फुल्ल. पाचवा कुठी बसन, टपावर? जीप घ्या. नऊ माणसं आरामात. धानाचे पोते टाका, लगनाचा सीझन आला का भाड्यानं लावा. गाडी घरात उभी राहून काय करन?"

"इलेक्शनमध्ये नेतात म्हणे जीप," नवरा म्हणाला.

"मंग चांगलंच हाय ना. सरकार भाडं देते, डिझल देते."

सासूबाई हसल्या. "आमी का गाडीत बसून बाळंत झालो? याच खोलीत झालो. दोघंबी हेच उभे हायेत पाहा."

जीप आली. पांढरी, डिझेलची, मागे समोरासमोर बाकं. भासऱ्यांचं रास्त भावाचं दुकान होतं, कर्ज त्यांच्या कागदांवर मिळालं, म्हणून गाडीही त्यांच्या नावावर झाली. पूजेला मला बोलावलं. जाऊबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि हळूच म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी आन्ली म्हन्ते व बाई. तुमी चढू शकसान का याच्यात?" मी चढून पाहिलं नाही. त्या दिवशी पुढे-मागे मिळून शेजारपाजारची चौदा माणसं बसली होती आणि भासरे खुशीत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझी आई वारलेली, वडील चंद्रपूरला एकटे राहत. मी आठव्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन राहावं, दवाखाना तिथून रिक्षाच्या अंतरावर आहे, असं मी सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणूस नसलेल्या घरात बाळंतीण कशी पाठवायची, आणि दारात गाडी असताना पाठवायची कशाला. हा मुद्दा त्यानंतर प्रत्येक वेळी आला. मी चंद्रपूर म्हटलं की कुणीतरी गाडी म्हणे. त्या महिन्यांत गाडी दारात फार थोडा वेळ दिसली. ती राजुऱ्याला वरातीत होती, गडचांदूरला पाहुणे सोडायला गेली होती, मिलवर धान घेऊन गेली होती. एकदा तपासणीची तारीख होती आणि गाडी कुणाच्या तरी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलेली. मी एस.टी.ने जाऊन आले.

गाडी ताब्यात घेतल्याची नोटीस आली तेव्हा माझा नववा नुकता लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गडचिरोलीला हजर करायची होती. घरात घबराट नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. कचेरीतला माणूस स्वतः येऊन "तुमची नवी गाडी हाय, आतल्या रूटले देऊ" असं सांगून गेला होता. नवरा शाळेत मास्तर. निवडणुकीची ड्यूटी त्यालाही लागली होती, त्यालाही दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं.

नियम मला माहीत होता. घरात आजारी माणूस असेल तर मालकाने डॉक्टरच्या चिठ्ठीसह अर्ज करायचा, गाडी बहुतेक वेळा सोडतात. मी अर्ज लिहून नवऱ्याकडे दिला. खाली मालकाची सही हवी होती. तो अर्ज घेऊन समोरच्या खोलीत गेला आणि मला ऐकू आलं, "तिचं म्हन्नं हाय का, जमलं तर..."

मी उठले आणि समोरच्या खोलीत गेले. भासरे खुर्चीवर होते. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, तशी वेळच आली नव्हती.

"भाऊ," मी म्हणाले, "जमलं तर असं माझं म्हणणं नाही. ही गाडी माझ्या बाळंतपणासाठी घेतली असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. सही करा. नाहीतर आज, आत्ता, गाडी मला चंद्रपूरला सोडून येऊ द्या, मग खुशाल गडचिरोलीला पाठवा."

सासूबाई म्हणाल्या, "डोक्यावर पदर तरी घे व माय."

मी त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभी होते. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या नवऱ्याशी बोलले.

"तिले सांग, कचेरीतल्या साहेबाले नाई म्हन्ता येत नाई. दुकान आपलं त्यायच्या हातात हाय. अन् गाडी आता सर्व्हिसिंगले लावली, रात्री येईन. डॉक्टरनं अजून चार हप्ते सांगतले ना? चार दिवसाची तं गोष्ट."

"मी इथेच आहे, भाऊ. मला सांगा."

"तिले आत जायले सांग," ते म्हणाले.

नवऱ्याने मला आत नेलं. मी म्हटलं, संध्याकाळची एस.टी. आहे, आपण दोघं जाऊ, मला वडिलांकडे सोडून तू रात्री परत ये. तो म्हणाला, "आता इतकं झाल्यावर अजून वाढवू नको. चार दिवसांत मी येतोच आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो थकलेला वाटला. सकाळी तो आणि गाडी, दोघंही गेले.

मतदानाच्या आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर, डोकं दुखायला लागलं. थोड्या वेळाने डोळ्यांसमोर ठिपके चमकायला लागले. मी जाऊबाईंना सांगितलं, त्यांनी बाहेर जाऊन भासऱ्यांना सांगितलं. ते लगेच निघाले, हे नोंदवायला हवं. मोटारसायकलवर स्टँडला गेले, तिथे एकही जीप उरली नव्हती. बहुतेक एस.टी. गाड्याही मतदानाच्या कामावर लागल्या होत्या. सरकारी दवाखान्यातली गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेली होती. ते मिलवर गेले आणि चंद्रपूरला तांदूळ घेऊन निघालेला एक ट्रक घेऊन आले.

ट्रकवाला म्हणाला, "बाई, टेन्शन घेऊ नका, एकदम धीरे धीरे नेतो."

"धीरे नाई रे बाबा," जाऊबाई म्हणाल्या, "जोरात ने, पन हालवू नको."

"मंग विमान सांगा लागत होतं ना मावशी."

मला केबिनमध्ये चढवायला तीन माणसं लागली. तिथे ड्रायव्हर, मी आणि जाऊबाई, एवढीच जागा. क्लीनर मागे पोत्यांवर गेला. आणखी एक माणूस दाटीवाटीने मावला असता, पण तो माणूस भासरे होते आणि मला चिकटून बसणं त्यांना शक्य नव्हतं. ते मोटारसायकलवर मागून आले. जंगल सुरू झाल्यावर मी आरशात पाहत होते. मोटारसायकल लहान होत गेली आणि मग दिसेनाशी झाली. त्यानंतर कधीतरी मला झटका आला. तो मला आठवत नाही. जाऊबाईंनी माझ्या दातांमध्ये आपल्या पदराचा बोळा घातला, हे त्यांनी नंतर सांगितलं. डॉक्टरांच्या मते तसं करायचं नसतं. त्यांना दुसरं काय सुचणार होतं?

दवाखान्यात ऑपरेशनच्या संमतीसाठी नवऱ्याची सही मागितली. तो नव्हता. भासरे अजून पोचायचे होते. "तुम्ही पेशंटच्या कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जाऊ," जाऊबाई म्हणाल्या आणि सही केली. चौथीपर्यंत शिकल्यानंतर त्यांनी केलेली ही पहिली सही असावी.

मुलगी झाली. वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवली होती. मला रक्तस्राव थांबेना, म्हणून गर्भाशय काढावं लागलं. हे मला शुद्ध आल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. नवरा मतपेट्या जमा करून आला, तेव्हा त्याला कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही. तो मुलीच्या पेटीजवळ बराच वेळ उभा राहिला. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दोघी सुखरूप आहात, एवढं पुरे." हे वाक्य पुढे आमच्या घरात कायम झालं.

माझ्या डेस्कवर ही बातमी आली असती तर मीही ती लावली नसती. कोणी मेलं नव्हतं.

जीप चिखलाने माखून परतली. भासऱ्यांनी पेढे वाटले. काही पेढे मुलीचे होते, काही गाडीचे. आतल्या रूटवर जाऊन गाडी कुठेही बंद पडली नाही, हे ते प्रत्येकाला सांगत. माझ्याबद्दल घरात आणि गल्लीत वेगळी गोष्ट फिरली. ट्रकची नाही, झटक्याची नाही. ती गोष्ट अशी होती की धाकटी सून भासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राहून बोलली. सासूबाईंच्या बहिणीने राजुऱ्याहून येऊन मला याबद्दल विचारलं. बाळ तिने नंतर पाहिलं.

मी पुन्हा भासऱ्यांशी बोलले नाही. पदर घेऊ लागले, ते असतील तिथून उठू लागले. घरच्यांना वाटलं, सून सुधारली. मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

मुलगी चालायला लागली त्या वर्षी सासूबाईंचा भाचा त्याच्या बायकोला घेऊन आला. तिला सहावा महिना होता, आणि तेही गाडी घेणार होते. भासरे समोरच्या खोलीतून बोलत होते, मी दाराआड होते, ती माझ्याजवळ भाजी निवडत बसली होती.

"जीपच घ्या," भासरे म्हणाले. "लहान गाडीचं नाव काढू नका. आमच्या घरचंच पाहा ना. जीप इलेक्शनले गेली, तरी बाळंतपन बरोबर झालं का नाई? मायलेकी सुखरूप. ज्याचं त्याचं काम झालं."

ती माझ्याकडे पाहू लागली. तिला सगळं माहीत असावं, किंवा थोडंसं. मी हळू आवाजात सांगितलं, गाडी लहान घ्या नाहीतर मोठी, कागदावर नाव तुझं असू दे. वेळ आली तर सही करायला मालकच लागतो.

तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली. "माह्या नावावर कोन घेऊन देते, ताई?"

बाहेर भासऱ्यांनी गाडीची चावी मागितली. पाहुण्यांना एक चक्कर मारून आणायची होती. तिलाही बोलावलं. ती उठली, तिने डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर गेली. मी निवडायची राहिलेली भाजी माझ्याकडे ओढली.