माझे हात कुणी जोडले

"घास नाक," आप्पा म्हणाले. "पुन्यांदा घास. दगडाला नीट लागलं न्हाई."

मी नऊ वर्षांची होते. चैत्रातली सकाळ होती आणि देवळाची पायरी अजून गार होती. मी पुन्हा नाक घासले. मागे आमचा चौथीचा सगळा वर्ग उभा होता. मुलांनी बघावे आणि शिकावे म्हणून आप्पांनीच तो बोलावला होता. गुरुजीही आले होते. ते जमिनीकडे पाहत राहिले.

आमचे गाव दौंड तालुक्यातले, राहूच्या पुढे, नदीकाठचे. आप्पा गावातले मोठे बागायतदार आणि देवस्थानचे पंच. आमचे घर मेंढरांचे. वडील तेव्हा मेंढरे घेऊन लांब गेले होते आणि आई आप्पांच्याच रानात खुरपायला जात होती.

देवीचा उजवा चांदीचा डोळा नाहीसा झाला होता. देवळाचे आवार मी आणि आई मंगळवारी झाडत असू. झाडून झाले की मी उंबऱ्याशी उभी राहून देवीचे डोळे पाहत असे. कुणीतरी ते आप्पांना सांगितले.

मग त्या सकाळी कौल लावला. आमच्याकडे देवीला प्रश्न विचारण्याची ही रीत आहे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी कळी आधी पडली तर देवी 'होय' म्हणाली, डावी पडली तर 'नाही'. गुरवमामांनी कळ्या लावल्या. आप्पांनी मोठ्याने विचारले, "आई, मेंढक्याच्या पोरीनं न्हेलाय का?"

उजवी पडली.

मी डोळा घेतला नव्हता. हे वाक्य आज मला सहज लिहिता येते. त्या सकाळी लिहिता आले नसते, कारण मला ते ठाऊक नव्हते. देवी खोटे बोलत नाही, हे मला बोलता येऊ लागल्यापासून सांगितलेले होते. देवी म्हणाली मी घेतला. म्हणजे मी घेतलाच असणार. मला आठवत नव्हते, एवढेच.

संध्याकाळी आई म्हणाली, "खरं सांग मला. मी न्हाई मारायची."

मी म्हणाले, "घेतलाय. पण कुठं ठिवला त्ये आठवंना."

त्यानंतर कित्येक महिने मी तो शोधला. मेंढरांच्या लेंड्या चाळल्या. चुलीची राख चाळली. दप्तराची शिवण उसवून पाहिली. पुढच्या जत्रेत देवीच्या चेहऱ्यावर दोन्ही डोळे होते. देवीनेच तो परत घेतला आणि माझी चोरी पोटात घातली, असे मला वाटले. मी तिचे आभार मानले. ज्या पायरीवर नाक घासले होते, तिच्यावरच डोके टेकून आभार मानले. याहून खोल अपमान मला माहीत नाही. कारण तो करायला तेव्हा दुसरे कुणी हजर नव्हते.

खरी गोष्ट समजली ती मी डीएड करत असताना, चैत्रात सुट्टीला गावी गेले तेव्हा. गुरवमामा म्हातारे झाले होते. ते सहज बोलून गेले, "त्यो डोळा तवाच घावला व्हता गं. मोरीच्या तोंडाशी. मेणानं चिकटावलेला, उन्हाळ्यात मेण सुटलं. आप्पास्नी सांगितलं मी. आप्पा म्हणले, आता गप ऱ्हा, देवीचा कौल खोटा पडंल."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना मी देवळात गेले. दोन कळ्या ओल्या केल्या आणि लावल्या. प्रश्न विचारला नाही. उजवी पडली. अशा चार सकाळी गेले. चारही वेळा उजवीच पडली. चैत्रात सकाळचे ऊन दारातून तिरपे येते आणि नेमके देवीच्या उजव्या खांद्यावर पडते. तिकडची कळी आधी सुकते. त्या वेळी कुणाचेही नाव विचारले असते तरी देवी 'होय'च म्हणाली असती. आप्पांचे नाव विचारले असते तरी.

पण नाव एकच विचारले गेले.

तेव्हा मला वाटले, सुटले. उत्तर सापडले, आता भीती जाईल. ती गेली नाही. गणित चुकले हे कळले म्हणून पाठ झालेले उत्तर पुसले जात नाही, हे पुढे फळ्यासमोर उभी राहून मी रोज पाहिले.

आज मी शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या कारखान्यांजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. पहिली आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पायल दुसरीत आहे. तिचे वडील मराठवाड्यातून आलेले, कंपनीत कंत्राटावर. आई आजारी असते. आई झोपून असली की पायल घरी थांबते, म्हणून तिच्या हजेरीत गैरहजेरीच्या खुणा बऱ्याच आहेत.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी शाळेत एका मुलाच्या हातातले चांदीचे कडे हरवले. त्याचे आजोबा शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. शनिवारी सकाळी भाऊ चारपाच माणसे घेऊन वर्गात आले. त्यांनी माझ्या टेबलावर हळदकुंकू लावलेला नारळ ठेवला.

"एकेकानं यायचं," भाऊ मुलांना म्हणाले. "नारळावर हात ठिवायचा आन् म्हणायचं, मी घेतलं न्हाई. खोटं बोलणाऱ्याची आई मरती, एवढं ध्यानात ठिवा."

मी म्हणाले, "भाऊ, मुलं लहान आहेत."

"ल्हानपणीच वळण लागतंय, बाई. तुमालाच ठावं."

सहा मुले येऊन गेली. सातवी पायल. तिने हात नारळापर्यंत नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मी घेतलं," ती म्हणाली.

"कुठं ठिवलंस?"

"आठवत न्हाई."

ही दोन उत्तरे माझी होती. मी हजेरीपट उघडला. गुरुवारच्या रकान्यात पायलच्या नावापुढे 'गै' होते, माझ्या अक्षरात. मी तो भाऊंसमोर धरला. "त्या दिवशी ती शाळेत नव्हती."

"पोरगी सोताच्या तोंडानं कबूल करतीया आन् तुमी आमाला कागूद दावताय व्हय?" बरोबरचे हसले. भाऊंनी नारळ माझ्याकडे सरकवला. "मग तुमी ठिवा की हात तिच्या वतीनं. का तुमाला बी आई हाय?"

आई आहे. गावी अंथरुणावर आहे. माझ्यासमोर पुरावा होता, तारीख होती, माझी सही होती. कळी का पडते हे मी चार सकाळी तपासलेले होते. आणि माझा हात उठला नाही. वीस मुले पाहत होती. मी पार घाबरले होते. हे मी लपवणार नाही.

"भाऊ, मी भ्यालेय," मी म्हणाले. "मला लहानपणीच भ्यायला शिकवलंय. पण हा वर्ग आहे. इथं हे चालणार नाही. नारळ उचला."

"न्हाई उचलला तर?"

शपथेसाठी न उठलेला हात तेव्हा उठला. मी नारळ उचलला आणि व्हरांड्याच्या बाहेर, पायरीच्या खाली, मातीत ठेवला. परत येऊन पायलला जागेवर बसवले. भाऊ जाताना एवढेच म्हणाले, "बाई, ह्ये तुमाला जड जाईल."

सोमवारी मी पायलला जवळ घेतले आणि हजेरीपट दाखवला. तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवले, बोट सरकवत 'गै'पर्यंत नेले आणि बरोबर वाचले. मला वाटले, समजले. ती विचार करून म्हणाली, "मग मी घरनंच घेतलं आसंल, बाई. देवाला कळतंय ना."

तेव्हापासून ती रोज शाळेच्या पायरीला कपाळ लावून आत येते. मी समजावते. ती मान हलवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळ लावते. कडे सापडले की नाही, मला कुणी सांगितलेले नाही.

लोक म्हणतात, श्रद्धा रक्तातच असते, जन्माबरोबर येते. मी एकोणीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला आहे. पहिल्या दिवशी आलेल्या मुलाचे हात मी पाहिले आहेत. ते मोकळे असतात. बोटे फाकलेली असतात. अंधाराला मूल आपोआप भिते, आईला आपोआप बिलगते. हे सगळे काय असेल ते जन्मजात असेल. पण हात आपोआप जुळत नाहीत. दोन लहान हातांवर आधी दोन मोठे हात येतात.

आणि इथे मला थांबता येत नाही. पायलच्या हातांवर कुणाचे हात आले होते?

ती पहिलीत आली त्या जून महिन्यात, प्रार्थनेच्या वेळी, ती इकडेतिकडे पाहत उभी होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. तिचे तळवे एकमेकांवर ठेवले. ते सुटले. मी पुन्हा ठेवले आणि दाबून धरले. पापण्यांवर बोटे फिरवून तिचे डोळे मिटले. आणि प्रेमाने म्हणाले, "देवबाप्पा बघतोय हं. खोटं बोललं की त्याला कळतं." भाऊंनी शनिवारी फक्त नारळ आणला. बाकीचे मी आधीच करून ठेवले होते. एकोणीस वर्षे, दर जूनमध्ये. आप्पांनी माझे नाक घासले. मी किती जणांच्या कपाळाला पायरी दिली, ते मोजता येत नाही.

माझ्याविरुद्ध तक्रार गेली आहे. 'बाई देवधर्माचा अवमान करतात, मुलांवर वाईट संस्कार होतात.' खाली पालकांच्या सह्या आहेत. पायलच्या वडिलांचीही आहे. कार्यालयाने सात दिवसांत खुलासा मागितला आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन ओळी लिहा, चुकून झालं म्हणा. बदली टळेल."

मी खुलासा लिहिला. तो असा:

'नारळ मी वर्गाबाहेर ठेवला. तो चुकून ठेवला नाही. विद्यार्थिनी त्या दिवशी गैरहजर होती. हजेरीपटाची प्रत सोबत जोडली आहे. माझ्या हातून चूक झाली, पण ती वेगळी, आणि ती तक्रारीत नमूद नाही. एकोणीस वर्षे मी लहान मुलांना भीती शिकवली. ती मी यापुढे शिकवणार नाही. माझ्या वर्गात कोणत्याही मुलाचे हात मी धरून जोडणार नाही, त्याचे डोळे मिटणार नाही, आणि त्याच्या आईच्या जिवाची शपथ कुणालाही घालू देणार नाही. बदली केल्यास तिथेही असेच वागेन.'

खाली सही केली. भीती गेलेली नाही. सही वाचता येते.