सातच्या अंतराची चौथी जोडी

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार, दुपार. पैज: चौथी जोडी निघाली तर मी १२८ रुपये द्यायचे, नाही निघाली तर मुलीने १२१. हजर: मी, बायको आणि तेव्हा नववीत असलेली आमची मुलगी.

"सात रुपये नफा काढून राहिली ही," बायको म्हणाली. "वाडीच्या गोदामात हिशेबाला तुमच्या जागी हिलेच बसवा."

शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलगी तक्ता करत होती. दोन संख्या, अंतर बरोबर सात, आणि प्रत्येक संख्या एकच मूळ संख्या स्वतःशी गुणत जाऊन झालेली. ९ आणि १६. २५ आणि ३२. १२१ आणि १२८. तीन जोड्या तिला लगेच मिळाल्या. मग ती दोनचे घात चढत गेली, प्रत्येकातून सात वजा करत आणि सात मिळवत. २५६ पासून १६,३८४ पर्यंत काहीच हाती लागलं नाही. ३२,७६८ मधून सात गेले, उरले ३२,७६१. ही संख्या तिला काही फुटेना. ती कागद घेऊन माझ्याकडे आली.

कॅल्क्युलेटर वापरायचा नाही, हा नियम माझाच. १८० चा वर्ग ३२,४०० येतो, म्हणून वर्गमूळ १८० च्या जरासं वर, एवढं ठरवून मी १७९ पर्यंतच्या एकेचाळीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं. प्रत्येक वेळी बाकी उरली.

"ही स्वतःच मूळ संख्या आहे. जोडी नाही."

"बाबा, अजून एका संख्येने भागून पाहा ना."

"पुढे जायचं काम नाही वं."

मी लाल पेनाने रेघ मारली आणि तिच्या गल्ल्यातले १२१ रुपये खरोखरच घेतले. पैज ती पैज, असं मला वाटायचं. तक्ता तिने प्रदर्शनात लावलाच नाही. दहावीनंतर गणित सोडलं. माझ्यामुळेच सोडलं असं म्हणणार नाही. माझ्यामुळे नाही, असंही म्हणवत नाही.

आता ती शहरात सदर भागात नोकरी करते. गेल्या आठवड्यात जुन्या पावत्या चाळताना तो कागद सापडला. सहज म्हणून १८१ ला १८१ ने गुणलं. ३२,७६१.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा पीत होती. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने गुणाकार पडताळून पाहिला.

"तू स्वतः काहून नाही पाहिलं?" मी विचारलं.

"तुमचा हिशेब कधी चुकला होता का, बाबा? तुम्ही म्हणाले नाही, म्हणजे मले वाटलं नाहीच."

घेतलेले १२१ आणि पैजेचे १२८ तिच्यापुढे ठेवले.

"दोनशे एकोणपन्नास," पर्समध्ये टाकत ती म्हणाली. "तीन गुणिले त्र्याऐंशी. हे तक्त्यात नाही बसत."

आणि ऑफिसला गेली.

दिले: २४९ रुपये, रोख, मुलीला. सहा वर्षं उशिरा.